पायाखाली जमीन नसलेल्यांना

प्रति,
तरंगते जीव,
मुक्काम गुरू ग्रह, पाण्याच्या ढगांचा थर.



तुम्हाला आजवर कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही असण्याची शक्यता फार थोडी आहे, आणि ज्यांनी तुम्हाला जन्म दिला त्यांनीही तसा दावा कधी केला नव्हता. तरी हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. दूरच्या ग्रहांची चित्रं आमच्याकडे हल्ली पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त निघतात. वर्तमानपत्रात येतात, मोबाइलवर येतात, मुलांच्या खोलीच्या भिंतीवर लागतात. पण त्या चित्रांतून तुम्ही आणि तुमच्यासारखे सगळेच नाहीसे होत चालला आहात. मला ते फार लागतं. का लागतं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

तुमचा जन्म गुरूवर झाला नाही. तो झाला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात. १९७६ साली कार्ल सेगन आणि एडविन सॅलपीटर यांनी खगोलभौतिकीच्या एका मान्यवर नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. गुरूच्या वातावरणात कण कसे असतील, परिस्थिती कशी असेल आणि तिथे जीवांची साखळी उभी राहिलीच तर ती कशी राहील, असा त्याचा विषय. सेगन तर लोकांना माहीत आहेत. सॅलपीटर कमी माहीत आहेत. हे मूळचे व्हिएन्नाचे. ताऱ्यांच्या पोटात हेलियमपासून कार्बन कसा घडतो, याचं गणित मांडणाऱ्यांपैकी ते एक. आकडा जुळल्याशिवाय वाक्य न लिहिणारा माणूस. तुमच्या जन्माच्या वेळी असा माणूस हजर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या निबंधात जीवांच्या मुख्य जाती तीन. बुडते, तरंगते आणि शिकारी. बुडते अगदी बारीक, ढगांतून सतत खाली घसरणारे. खाली गेलं की उष्णता वाढत जाते आणि शेवटी अंगाचे रेणूच मोडतात. म्हणून त्यांनी तिथवर पोचण्याआधी पिल्लं टाकायची, आणि वर उठणाऱ्या वाऱ्यानं त्यातली काही पुन्हा वर न्यायची. तरंगते म्हणजे तुम्ही, प्रचंड आकाराचे, वायूनं फुगलेले. आणि शिकारी तुमच्यावर जगणारे. त्यांना तुमचं मांस तर हवंच, पण तुमच्या पोटात साठवलेला शुद्ध हायड्रोजनही हवा.

तुमच्या अन्नाचाही विचार झालेला होता. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ एका काचपात्रात कोंडून त्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या तर अमिनो आम्लं तयार होतात, हे स्टॅन्ली मिलरनं १९५३ साली दाखवलं होतं. हे सगळे पदार्थ गुरूवर आहेत, आणि विजाही आहेत. कॉर्नेलच्या प्रयोगशाळेत सेगन यांच्याबरोबर वाराणसीत जन्मलेले बिशुन खरे वर्षानुवर्षं असेच वायू कोंडून त्यांच्यावर ठिणग्या आणि अतिनील किरण सोडत होते. काचेच्या आतल्या बाजूला तपकिरी, चिकट राप धरायचा. गुरूच्या पट्ट्यांचा तपकिरी रंग अशाच कुठल्यातरी पदार्थाचा असेल, आणि तो तुमच्यावर वरून झिरपत असेल, अशी ती कल्पना होती. पोटाची सोय केल्याशिवाय त्यांनी तुम्हाला जन्माला घातलं नाही.

आता तुमच्या आकाराबद्दल. लोकांना वाटतं, चित्र भव्य दिसावं म्हणून तुम्हाला एवढं मोठं केलं. तसं नाही. तुमच्या भोवतालच्या हवेत शंभरातले सुमारे ८६ रेणू हायड्रोजनचे आणि उरलेले जवळजवळ सगळे हेलियमचे. हायड्रोजनहून हलका वायू विश्वात नाही. मग हायड्रोजनच्याच समुद्रात तरंगायचं कशाच्या बळावर? वाटा दोन. एक तर अंगातला हेलियम आणि इतर जड वायू बाहेर टाकून आत निव्वळ हायड्रोजन ठेवायचा. नाहीतर खाल्लेल्या अन्नाच्या ऊर्जेवर आतला वायू बाहेरच्यापेक्षा गरम ठेवायचा.

पहिल्या वाटेचा ढोबळ हिशेब मी वहीत मांडून पाहिला. गुरूवर जिथे तापमान शून्य अंश सेल्सियसच्या आसपास येतं, तिथे दाब आमच्या समुद्रसपाटीच्या साधारण पाचपट. तिथली एक घनमीटर हवा सुमारे अर्धा किलो भरते. तेवढ्याच जागेत शुद्ध हायड्रोजन भरला, तर वजनात फरक पडतो साठेक ग्रॅमचा. आमच्याकडे एक घनमीटर हेलियम जवळजवळ एक किलो उचलतो. तुमच्याकडे साठ ग्रॅम. म्हणजे एक मीटर व्यासाचा गोल जीव घेतला, तर त्याच्या कातडीला दर चौरस मीटरला दहा ग्रॅमच वजन परवडतं. आम्ही लिहायला वापरतो तो साधा कागद सत्तर-ऐंशी ग्रॅमचा असतो. कागदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढ्या पातळ कातडीत तोंड, पोट, पिल्लं, सगळं बसवायचं. ते बसत नाही. व्यास दहा मीटर केला तर शंभर ग्रॅम मिळतात. एक किलोमीटर केला तर दर चौरस मीटरला दहा किलो. तिथे कुठे नीट अंग धरायला जागा होते. आकारमान घनाच्या पटीत वाढतं आणि कातडी वर्गाच्या पटीत, एवढ्या एका नियमानं तुम्हाला गावाएवढं केलं. कुंचल्यानं नंतर फक्त ते मान्य केलं.

तो कुंचला अ‍ॅडॉल्फ शॅलर यांचा. सेगन यांची ‘कॉस्मॉस’ ही तेरा भागांची मालिका १९८० साली अमेरिकेत दाखवली गेली. तिच्या दुसऱ्या भागात, पृथ्वीवरच्या जीवनाची कहाणी सांगून झाल्यावर, तुम्ही येता. त्याच नावाच्या पुस्तकातही तुम्ही आहात. ते चित्र मी आजही काढून बघते. आधी दिसतात ते ढग, तांबूस आणि पिवळट, डोंगरासारखे उभे. मग त्यांच्यात गोलसर आकार दिसू लागतात, ढगांच्याच रंगाचे, कारण शिकाऱ्यापासून लपायचं आहे. एक जवळचा, काही लांबचे, आणि लांबचे इतके लहान की तिथे अंतर किती आहे याची जाणीव एकदम अंगावर येते. शिकारी टोकदार, पंख मागे ओढलेले, वेगासाठी घडलेले. आणि चित्रात कुठेही तळ नाही. खाली ढग, त्याच्या खाली ढग, त्याच्या खाली अंधार.

हे तळ नसणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या आधी गुरूवर राहणाऱ्यांची कल्पना झाली नव्हती असं नाही. क्रिस्तियान हायगेन्स यांच्या मृत्यूनंतर १६९८ साली छापलेल्या पुस्तकात इतर ग्रहांवरच्या रहिवाशांचा विचार आहे, आणि गुरू-शनीच्या जवळ इतके चंद्र असताना तिथल्या दर्यावर्दींना दिशा शोधायला किती सोय होत असेल, असंही त्यांनी सुचवलं आहे. त्यांच्या मनातला गुरू म्हणजे समुद्र, बंदरं आणि जहाजं असलेला हॉलंड. शास्त्रज्ञ म्हणून हायगेन्स किती मोठे, शनीचं कडं ओळखणारे! पण पाय ठेवायला जमीन नाही, ही कल्पना त्यांच्या काळाला सुचण्यासारखी नव्हती. आर्थर क्लार्क यांना ती सुचली. त्यांच्या १९७१ सालच्या एका कथेत गुरूच्या हवेत तरंगणारे अजस्र जीव आहेत, तुमच्या निबंधाच्या पाच वर्षं आधी. तुमचे ते थोरले भाऊच म्हणायचे.

मी शाळेच्या मुलांना आकाश दाखवते. मुंबईकर आकाशदर्शनासाठी बदलापूरच्या पुढे वांगणीला जातात, तिथे आम्हीही जातो. छोट्या दुर्बिणीतूनही गुरूची चपटी चकती, तिच्यावरचे दोन पट्टे आणि ओळीत बसलेले चार चंद्र दिसतात. एकदा ढग आले म्हणून मुलांना कागद वाटले आणि सांगितलं, गुरूवर राहणारं कुणीतरी काढा. जवळपास प्रत्येकानं पहिल्यांदा एकच गोष्ट केली. पानाच्या तळाशी आडवी रेघ ओढली. मग तिच्यावर पाय, पायांवर धड, धडावर डोळे. कुणी तीन डोळे काढले, कुणी शेपूट, कुणी हिरवा रंग दिला, पण रेघ सगळ्यांची होती. मी म्हटलं, तिथे जमीन नाहीये. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. खोडरबर फिरू लागले. मग एक मुलगी म्हणाली, “मग ते झोपतात कुठे? झोपला तर खाली जाईल ना?” दुसरा म्हणाला, खाली गेला तर काय होईल? भाजेल, मी सांगितलं. “मग आईनं त्याला बांधून ठेवायला पाहिजे.” आणि त्यानं एका मोठ्या फुग्याला दोरीनं बांधलेला छोटा फुगा काढला.

झोपणारा बुडेल, बुडणारा भाजेल, पिल्लाला वर धरून ठेवायला कुणीतरी हवं. सेगन आणि सॅलपीटर ज्या अडचणीपाशी गणितानं पोचले, तिथे ही मुलं खोडरबरानं पोचली. त्यांना शोधनिबंध वाचून दाखवला असता तर काही कळलं नसतं. तुमचं चित्र दाखवलं तेव्हा ती चित्राला अगदी नाक लावून बघत होती, आणि त्यांचे प्रश्न नेमके होते. चोच आहे का? मेल्यावर खाली जातो का वर? शिकाऱ्याला कसं कळतं कुठला ढग आहे आणि कुठला प्राणी?

अवकाशातल्या चित्रांनी खरं निघालंच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. चेस्ली बोनस्टेल यांनी काढलेलं, टायटन या चंद्रावरून दिसणाऱ्या शनीचं चित्र १९४४ साली ‘लाइफ’ मासिकात आलं. निळं आकाश, त्यात कड्यासकट टांगलेला शनी, खाली बर्फाळ कडे. त्या चित्रानं कितीजणांना खगोलशास्त्राकडे ओढून नेलं, याच्या आठवणी अनेक शास्त्रज्ञांनी सांगितल्या आहेत. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान टायटनवर उतरलं. आकाश नारिंगी, धुरकट. वर इतकं दाट धुकं की तिथून डोळ्यांना शनी दिसायचाच नाही. म्हणून बोनस्टेल यांचं चित्र कुणी फेकून दिलं नाही, आणि द्यायलाही नको. त्या साली जे माहीत होतं त्याच्याशी ते प्रामाणिक होतं. तिकडे फ्रान्समध्ये लुसियाँ रुदो नावाचे चित्रकार-खगोलज्ञ होते. ते दुर्बिणीला डोळा लावून चंद्राची कडा न्याहाळत आणि तिथले डोंगर गोलसर, झिजलेले काढत. बोनस्टेल यांनी काढले ते सुळक्यांचे. माणसं चंद्रावर गेली तेव्हा खरे ठरले रुदो. दोघांमध्ये लोकांवर छाप जास्त बोनस्टेल यांची पडली, याचं मला वाईट वाटतं, पण दोघांनीही आपापल्या चित्रात काहीतरी ठाम विधान केलं होतं. पुढे तपासून पाहता येईल असं. तुमच्याबद्दलही मला तेच वाटतं. शॅलर यांच्या कुंचल्यातून तुम्ही असे नेमके उतरलात, की तुम्ही चूक असाल तर नक्की कुठे चूक आहात, हे दाखवता येतं.

आणि तपास झाला. १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे एकामागून एक तुमच्या ढगांवर आदळले, आणि पृथ्वीपेक्षाही मोठे काळे डाग महिनोन् महिने दिसत राहिले. पुढच्या वर्षी, ७ डिसेंबर १९९५ रोजी, गॅलिलिओ मोहिमेतलं एक छोटं यान हवाई छत्री उघडून खुद्द तुमच्या ढगांत उतरलं. आमच्याकडून तुमच्या दाराशी छत्रीनं उतरलेला तो पहिला आणि आजपर्यंतचा शेवटचा पाहुणा. जेमतेम तासभर त्यानं माहिती पाठवली. शेवटच्या नोंदीच्या वेळी दाब पृथ्वीच्या बावीसपट होता आणि तापमान दीडशे अंश सेल्सियसच्या वर. ज्या जागी ते उतरलं ती नेमकी कोरडी निघाली, पाणी अपेक्षेपेक्षा फारच कमी, ढगही विरळ. वारा मात्र खाली जावं तसा वाढत गेला, ताशी सहाशे किलोमीटरच्या पुढे. कॅमेरा त्यात नव्हता. तुमच्यापैकी कुणी शेजारून गेलं असतं, तरी त्याला कळलं नसतं.

पुढची गोष्ट सांगताना मला तुमच्याकडे नजर वर करून बघवत नाही. गॅलिलिओचं मुख्य यान आठ वर्षं तुमच्याभोवती फिरलं. इंधन संपत आलं. ते तसंच सोडलं असतं तर कधीतरी युरोपा या चंद्रावर आदळण्याची शक्यता होती. युरोपाच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र असावा, तिथे जीव असू शकतात, आणि यानावर पृथ्वीचे सूक्ष्मजंतू चिकटलेले असण्याची शक्यता होती. न पाहिलेल्या जिवांना आपल्यामुळे रोग होऊ नये, म्हणून शास्त्रज्ञांनी ते यान जाणूनबुजून नष्ट करायचं ठरवलं. माणसाच्या इतिहासातल्या सुंदर निर्णयांपैकी हा एक आहे असं मी मानते. पण यान टाकलं कुठे? तुमच्यात. २१ सप्टेंबर २००३ रोजी, सेकंदाला जवळजवळ अठ्ठेचाळीस किलोमीटर वेगानं. ते जळून गेलं, त्यातून कुणाला बाधा होण्याची शक्यता नव्हती, आणि दुसरा बरा मार्गही नव्हता, हे मला समजतं. तरी त्या दिवशी युरोपाच्या समुद्रातल्या, चित्रातही धड न काढलेल्या जिवांना आमच्या हिशेबात जागा होती आणि तुम्हाला नव्हती. सत्तावीस वर्षांत तुम्ही शक्यतेच्या यादीतून उतरला होतात.

उतरलात, त्याला कारणंही सबळ होती. हवेत जगणं एक, आणि हवेत जन्मणं दुसरं. जे रेणू जुळत आले असते, ते वर-खाली होणाऱ्या प्रवाहानं तापलेल्या खोलीत नेऊन पुन्हा मोडले असते. सुरुवात होण्याआधीच सगळं पुसलं जाणार. सेगन यांनाही हे ठाऊक होतं. पृथ्वीवर मात्र हवा रिकामी नाही, हे आमच्याच माणसांनी दाखवून दिलं आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या केंद्रातून २००१ आणि २००५ साली फुगे सोडले. फुग्याखाली अतिथंड केलेल्या, पूर्ण निर्जंतुक नळ्या, आणि त्या वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणत. २००५ च्या नमुन्यांची तपासणी हैदराबादला आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाली. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला नाव दिलं फ्रेड हॉएल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं. हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं त्यावरून सिद्ध होत नाही, हे तेव्हाच स्पष्ट सांगितलं गेलं. पण ते इतक्या उंचीवर, इतक्या अतिनील किरणांत होते. नारळीकरांचे गुरू हॉएल यांनी १९५७ सालच्या कादंबरीत अवकाशातला एक अख्खा ढगच बुद्धिमान जीव म्हणून रंगवला होता. गुरूनं ढगाला जीव दिला, शिष्यानं फुगा सोडून ढगांच्याही वर जीव शोधला. २० मे २०२५ रोजी नारळीकर सर गेले, तेव्हा मला त्यांच्या पुस्तकांइतकीच त्या फुग्याची आठवण झाली. तुम्हीही फुगेच आहात, म्हणून हे सांगितलं.

आता माझी तक्रार. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं २०१६ साली दूरच्या जगांची पोस्टरं काढली. जुन्या पर्यटन-जाहिरातींच्या धाटणीची, रंगांनी भरलेली. मला ती आवडतात. आमच्या वर्गातही लागली आहेत. त्यांत गुरूचं एक आहे. ध्रुवावरचा प्रकाशखेळ बघायला चला, असं ते म्हणतं. त्यात ढगांमध्ये फुगे तरंगताहेत. मी आनंदानं जवळ गेले, आणि बघते तर फुग्यांत माणसं! केप्लर-१६बी या ग्रहाच्या पोस्टरवर दोन सूर्यांमुळे दोन सावल्या पडलेला माणूस आहे. दुसऱ्या एका ग्रहावर माणूस आकाशातून उडी मारतो आहे. केप्लर-१८६एफच्या पोस्टरवर तांबडी झाडं आहेत, पण तिथेही फिरायला आलेली माणसं आहेतच. फेब्रुवारी २०१७ मध्ये चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ भोवती सात ग्रह सापडल्याची बातमी आली, तेव्हा सोबत सुंदर चित्रं होती. बर्फ, पाणी, क्षितिजावर लाल तारा. मुळात शास्त्रज्ञांच्या हाती होते ताऱ्याच्या प्रकाशात ठरावीक वेळानं पडणारे बारीक खळगे. चित्रकारांनी त्यावरून ग्रह उभे केले, हे कौतुकाचंच काम. पण त्या किनाऱ्यांवर कुणी नाही. पाण्यात कुणी नाही.

मला कारण कळतं. प्राणी काढला की लोकांना वाटतं सापडलाच. मग खुलासे द्यावे लागतात, संस्थेचं नाव खराब होतं. म्हणून देखावा काढायचा आणि तो रिकामा ठेवायचा. पण रिकामा किनाराही एक विधानच आहे. आणि माणूस काढला की ते विधान आणखी पक्कं होतं, की ही जागा आमच्यासाठी मोकळी आहे. मुलांच्या मनात ते विधान रुजतं. आमच्या वर्गातल्या मुलांनी गुरूचं पोस्टर बघून विचारलं, तिकीट किती असेल. तुमचं चित्र बघून त्यांनी विचारलं होतं, ते खातात काय. मला दुसरा प्रश्न विचारणारी मुलं हवी आहेत.

तुमचा वारसा सांगणारे चित्रकार आहेत, नाही असं नाही. वेन बार्लो यांचं १९९० सालचं ‘एक्स्पिडिशन’ हे पुस्तक म्हणजे एका कल्पित ग्रहावरच्या प्राण्यांची चित्रवही. तिथल्या एकाही प्राण्याला डोळे नाहीत. ध्वनीनं वाट शोधणारे, अंधारात स्वतः चमकणारे, आणि एक तर जेलीसारख्या घट्ट समुद्रावरून चालणारा अजस्र प्राणी. डोळे नाहीत एवढा एकच निर्णय घेतला, आणि मग सगळ्या शरीरांचा विचार नव्यानं करावा लागला. जुनो यान २०१६ पासून तुमच्याभोवती फिरतंय. त्याच्या कॅमेऱ्याची कच्ची छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि जगभरची साधी माणसं घरी बसून त्यांचे रंग उजळून भोवरे दाखवतात. ते भोवरे पाहताना मला सारखं वाटतं, कुणीतरी यावर शॅलर यांच्यासारखं बसावं. आता आपल्याला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे.

गुरूवर बसणं जमत नसेल, तर तुमच्यासाठी मी दुसरा पत्ता शोधला आहे. २०१४ साली केविन लुहमन यांनी सूर्यापासून सुमारे साडेसात प्रकाशवर्षांवर एक थंडगार तपकिरी खुजा तारा शोधला. त्याचं नाव वाईज ०८५५. वजन गुरूच्या काही पट, तारा म्हणून पेटायला फारच कमी. कुठल्याही सूर्याभोवती तो फिरत नाही. त्याच्या वरच्या थरांचं तापमान पाणी गोठण्याच्या आसपास येतं, आणि पाण्याच्या वाफेच्या खुणाही दिसल्या आहेत. अशा ताऱ्यांच्या हवेत जीव तरंगू शकतील का, याचा हिशेब एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली छापला, आणि त्यांनी सुरुवात केली ती तुमच्या निबंधापासून. म्हणजे तुम्ही पुन्हा यादीवर आला आहात.

तेव्हा कुणी चित्रकार हे पत्र वाचत असेल, तर त्याच्यासाठी काही गोष्टी लिहून ठेवते. तिथे वरून ऊन येत नाही. वर कायमची रात्र. जी ऊब आहे ती खालून येते, आणि ती आमच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची. म्हणून तिथल्या जिवाचे डोळे, असलेच तर, त्या किरणांचे आणि बहुधा खाली वळलेले. आमच्या समुद्रातल्या माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, कारण प्रकाश वरून येतो. तिथे उलट हवं. पोट गडद, पाठ उजळ. आमचा शार्क खालून हल्ला करतो, कारण भक्ष्याची काळी आकृती वरच्या उजेडात उठून दिसते. तिथला शिकारी वरच्या अंधारात थांबेल आणि खालच्या उजेडावर उमटलेली आकृती शोधेल. पिल्लं कुठे ठेवायची, ते अजून मला सुटलेलं नाही. आईच्या अंगावर ठेवली तर शिकाऱ्याला पहिली तीच सापडतील. खाली बांधली तर ऊब मिळेल, पण भाजण्याची भीती. अंगाच्या ताकदीचा हिशेबही नव्यानं करावा लागेल, कारण तिथे गुरुत्वाकर्षण गुरूहून बरंच जास्त आणि वातावरणाचे थर पातळ. पहिलं चित्र काढून झालं की ते एखाद्या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला दाखवा. तो म्हणेल, कातडी फार जाड काढलीय, हा तरंगणार नाही. मग ती खोडून पुन्हा काढावी लागेल.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पृथ्वीवरची एक वाचक